अॅम्प्लिफायर भंगारात नको, टपालाने दुरुस्तीला

माहुलसारख्या खाडीकाठच्या वस्तीत खारी, दमट हवा सर्किट बोर्डावरचे तांबे गंजवते. तरीही गाडीचा अॅम्प्लिफायर बंद पडला म्हणजे सगळाच निकामी झाला, असे नसते. बॅटरीचे 12 व्होल्ट वाढवणाऱ्या भागातले मॉसफेट जळतात किंवा कपॅसिटर सुकतात. उरलेला बोर्ड अनेकदा शाबूत असतो. म्हणून मोजके सुटे भाग बदलणेच शहाणपणाचे. जवळ जाणकार कारागीर नसेल, तर अॅम्प्लिफायर टपालाने पाठवावा.

वाटेत आदळेल, खर्च वाढेल, हे आक्षेप रास्त आहेत. पण फोम आणि दुहेरी खोके धक्का शोषतात. फ्यूज, अर्थिंग, वायरिंग आधी तपासल्यास नाहक फेरी टळते. दुरुस्तीचा अंदाज आधीच मागावा. केंद्र सरकारनेही 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे. तो बजावला, तरच ई-कचरा घटेल.