शब्दाच्या शेवटी ‘पंक’

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात रहिमतपूर नावाचे गाव आहे. पुण्याहून मिरजेला जाताना या नावाचे रेल्वे स्थानक लागते. स्थानकाच्या पाटीवरील नाव नीट वाचा. ‘रहमत’ हा शब्द तुम्हांला घरूनच माहीत आहे. तो अरबीतून उर्दूत आला, त्याचा अर्थ दया, कृपा. मराठी बोलणाऱ्यांनी त्याचे ‘रहिमत’ केले. ‘पूर’ हा शब्द संस्कृत ‘पुर’ यावरून आला. त्याचा अर्थ नगर किंवा गाव. दोन भाषांतले शब्द एकत्र आले आणि एका गावाचे नाव तयार झाले.

शब्दाच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या अशा भागाला व्याकरणात प्रत्यय म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला ‘लाहिका’ म्हणता. कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर या नावांत ‘पूर’चा अर्थ एकच राहिला आहे. पण सगळेच प्रत्यय असे स्थिर नसतात. काही प्रत्यय प्रवासात आपला अर्थ बदलतात.

‘गिरी’ हा प्रत्यय पाहा. तो फारसीतून मराठीत आला. शिपाईगिरी म्हणजे शिपायाचे काम. मुलूखगिरी म्हणजे दुसऱ्याच्या मुलखावर केलेली स्वारी. उर्दूत तुम्ही ‘गुलामी’ म्हणता. मराठीने मात्र ‘गुलामगिरी’ हा शब्द घडवला. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जोतीरावांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हेच नाव दिले.

पुढे ‘दादागिरी’ हा शब्द रूढ झाला. दादा म्हणजे थोरला भाऊ. पण दादागिरी म्हणजे दमदाटी! २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ या हिंदी चित्रपटामुळे ‘गांधीगिरी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. अन्याय करणाऱ्याशी न भांडता, प्रेमाने आणि चिकाटीने त्याला लाजवायचे, असा त्याचा अर्थ. हा शब्द ऐकताच आपल्याला हसू येते, कारण तो ऐकताना ‘दादागिरी’ आठवते. म्हणजे प्रत्यय शब्दाला जोडला जातो, तेव्हा तो आधीच्या शब्दाची आठवणही बरोबर आणतो.

आता अशाच एका इंग्रजी प्रत्ययाची ओळख करून घेऊ. विज्ञानकथांच्या जगात सायबरपंक, स्टीमपंक, सोलरपंक अशी नावे तुमच्या कानांवर येतील. या सर्वांच्या शेवटी ‘पंक’ आहे. हे ‘पंक’ म्हणजे काय?

इंग्रजीत ‘पंक’ हा मुळात मानाचा शब्द नव्हे. उनाड, टवाळ, कवडीमोलाचा पोरगा अशा अर्थाने तो वापरत. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांत काही तरुण गायक-वादक पुढे आले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, संगीताचे मोठे शिक्षणही नव्हते. दोन-चार सूर येताच ते मोठ्या आवाजात आपला राग गाऊ लागले. त्यांच्या संगीताला ‘पंक’ हे नाव मिळाले. ज्या शब्दाने लोक हिणवत, तोच शब्द या तरुणांनी अभिमानाने मिरवला. तेव्हापासून ‘पंक’ या शब्दाला बंडखोरीचा अर्थ चिकटला.

ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाने १९८० साली एक गोष्ट लिहिली. ती १९८३ साली छापून आली. संगणकात तरबेज असलेली, पण कोणालाही न जुमानणारी मुले तिच्यात होती. अशा मुलांसाठी त्याला नवे नाव हवे होते. संगणकाशी संबंध दाखवणारा ‘सायबर’ आणि उनाड पोर या अर्थाचा ‘पंक’ हे शब्द त्याने जोडले. गोष्टीचे नाव झाले ‘सायबरपंक’. म्हणजे येथे ‘पंक’ हा माणूस होता.

पुढच्याच वर्षी, १९८४ साली, विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील जगात यंत्रे अतिशय प्रगत आहेत. पण सत्ता बड्या कंपन्यांच्या हाती आहे आणि सामान्य माणसाचे जिणे हलाखीचे आहे. अशा कथांना ‘सायबरपंक’ म्हणू लागले. माणसाचे नाव आता कथाप्रकाराचे नाव झाले.

१९८७ साली के. डब्ल्यू. जीटर या लेखकाचे एक पत्र मासिकात छापून आले. तो आणि त्याचे मित्र एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या यंत्रांच्या काळावर अद्भुत कथा लिहीत होते. या कथांना काय म्हणावे? ‘सायबरपंक’ची थोडी थट्टा करत त्याने ‘स्टीमपंक’ हे नाव सुचवले. ‘स्टीम’ म्हणजे वाफ. थट्टेतला हा शब्द पुढे खरोखरच रूढ झाला. चार्ल्स बॅबेज याने आखलेले गणनयंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही. ते पूर्ण झाले असते तर? या कल्पनेवर गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांनी १९९० साली एक कादंबरी लिहिली. ती स्टीमपंकमधील प्रसिद्ध कादंबरी आहे.

मग शब्दांची रांगच लागली. डिझेलच्या यंत्रांचे जग ते डिझेलपंक, अणुशक्तीचे ते अ‍ॅटमपंक. केन लिऊ या लेखकाने २०१५ साली आलेल्या आपल्या कादंबरीला ‘सिल्कपंक’ म्हटले, कारण तिच्यातील यंत्रे रेशीम आणि बांबू यांची आहेत. सूर्यशक्तीवर चालणाऱ्या, निसर्गाला जपणाऱ्या जगाच्या कथा म्हणजे सोलरपंक. २०१२ साली ब्राझीलमध्ये या नावाचा कथासंग्रह निघाला.

येथेच वाचकांमध्ये वाद आहे. काही म्हणतात, “आता ‘पंक’चा अर्थ एवढाच उरला आहे, की पुढे कोणते यंत्र आहे ते पाहा.” दुसरे म्हणतात, “नुसती चाके आणि धूर दाखवला म्हणजे झाले का? बंडखोरी नसेल, तर ‘पंक’ कशाला म्हणायचे?” दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अर्थ वापरातून घडतो, हे खरे. पण प्रत्ययाची जुनी आठवण विसरली, तर त्यातला जीवच जातो. म्हणून अशी कथा वाचताना दोन प्रश्न विचारावेत : यंत्र कोणाच्या हातात आहे? आणि ज्याच्या हातात ते नाही, तो काय करतो?

हे प्रश्न घेऊन एक जुनी कथा पाहू. रुकय्या सखावत हुसेन या बंगालमधील लेखिकेने १९०५ साली ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा इंग्रजीत प्रसिद्ध केली. या कथेतील देशात स्त्रिया विद्यापीठांत संशोधन करतात. सूर्याची उष्णता साठवून त्या स्वयंपाक करतात आणि त्याच उष्णतेने शत्रूचे सैन्य परतवून लावतात. पडद्यात बसतात ते पुरुष! ज्या काळी मुलींना पाटी-पुस्तक मिळणे कठीण होते, त्या काळी एका स्त्रीने यंत्र आणि विद्या स्त्रियांच्या हाती दिली. पुढे १९११ साली तिने कलकत्त्यात मुलींसाठी शाळाही चालू केली. तेव्हा ‘सोलरपंक’ हा शब्द नव्हता. पण ऊनही होते आणि बंडही होते.

मराठीत अशा साहित्याला ‘विज्ञानकथा’ म्हणतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली व बक्षीस मिळवले. भयकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा या शब्दांतील ‘कथा’ हा भाग फक्त प्रकार सांगतो. ‘पंक’ मात्र वृत्तीही सांगतो.

मित्रांनो, तुमच्या परिसरात विहिरीवर मोट होती, घरात हातमाग किंवा शिलाईचे यंत्र असेल. त्यांतले एक घ्या. त्याच्यापुढे ‘पंक’ जोडून पाहा. मग ते यंत्र चालवणारा हात कोणाचा, आणि त्याला कशाविरुद्ध उभे राहायचे आहे, हे ठरवा. तुमची कथा तेथून सुरू होईल.

स्वाध्याय

१. ‘रहिमतपूर’ या नावातील दोन भाग कोणते? त्यांचे अर्थ लिहा.
२. ‘गांधीगिरी’ हा शब्द ऐकताना हसू का येते?
३. ‘सायबरपंक’ आणि ‘स्टीमपंक’ या शब्दांत ‘पंक’चा अर्थ कसा बदलला?
४. ‘दार’ आणि ‘खाना’ हे प्रत्यय असलेले प्रत्येकी तीन मराठी शब्द लिहा. ते उर्दूत त्याच अर्थाने वापरतात का, ते घरी विचारा.