डेटा दूतावास आणि राज्याचे सार्वभौमत्व

लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहेत. यांपैकी भूप्रदेश आणि सार्वभौमत्व परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. एस्टोनियाने या गृहीतकापुढे प्रश्नचिन्ह उभे केले आहे.

सुमारे तेरा लाख लोकसंख्येचा हा देश १९४० मध्ये सोव्हिएत संघाने बळकावला आणि १९९१ मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. एप्रिल २००७ मध्ये राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा हलविण्यात आला. त्यावरून उसळलेल्या वादात शासन, बँका व वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर व्यापक सायबर हल्ले झाले. ज्या देशात जमिनीची मालकीनोंद केवळ संगणकीय स्वरूपातच कायदेशीर मानली जाते, तेथे सर्व्हर नष्ट होणे म्हणजे कोणाची जमीन कोणती, हे सांगण्याचा अधिकृत आधारच नष्ट होणे होय.

यावर उपाय म्हणून एस्टोनियाने २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून तेथे 'डेटा दूतावास' स्थापण्याचे ठरविले. या दूतावासात राजदूत नाही, व्हिसाची खिडकीही नाही. आहेत ते केवळ सर्व्हर. एस्टोनियाच्या अनुमतीशिवाय यजमान राज्याच्या अधिकाऱ्यांना त्या जागेत प्रवेश नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारातील संरक्षण राजनैतिक प्रतिनिधिमंडळांसाठी असल्याने डेटा केंद्रास ते आपोआप लागू होत नव्हते. म्हणून स्वतंत्र करार आवश्यक ठरला. येथेच खरी मेख आहे. राज्याचे अभिलेख परभूमीवर सुरक्षित राहतात, परंतु दुसऱ्या सार्वभौम राज्याच्या संमतीने. बोदँने १५७६ मध्ये सार्वभौम सत्ता निरपेक्ष मानली होती. येथे ती करारसापेक्ष झाली आहे.

युक्रेनची स्थिती याहून बिकट होती. फेब्रुवारी २०२२ मधील रशियन आक्रमणाच्या तोंडावर तेथील संसदेने शासकीय डेटा क्लाउडवर नेण्यास कायद्याने मुभा दिली. तो स्वीकारणाऱ्यांत प्रामुख्याने बहुराष्ट्रीय खासगी कंपन्या होत्या, आणि कंपनीशी झालेला करार हा दोन राज्यांमधील तह नव्हे.

भारताची भूमिका दुहेरी दिसते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांचा डेटा भारतातच साठविण्याचे बंधन घातले. तर २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात इतर देशांचे डेटा दूतावास गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत स्थापण्यास साहाय्य करण्याची घोषणा झाली. स्वतःचा डेटा सीमेबाहेर जाऊ न देणाऱ्या राज्याला परक्या डेटावरील आपला अधिकार मात्र स्वेच्छेने सोडावा लागेल. तो कोणत्या कायद्याने आणि कितपत सोडावयाचा, हा प्रश्न अशा प्रत्येक करारात नव्याने उपस्थित होईल.