धुराड्यावरचा पांढरा लोट

बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या धुराड्यांवर पांढरे लोट उठू लागतात. थंडीच्या पहाटे ते कोसभरावरूनही दिसतात. "केवढा धूर! यानंच गाव तापतं," असं पारावर सर्रास ऐकू येतं. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पांढरं दिसतं ते मुख्यतः पाणी. बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओल असते, शिवाय जळताना त्यातल्या हायड्रोजनचंही पाणी होतं. ही वाफ गार हवेत येताच तिचे बारीक थेंब होतात. म्हणून तोच लोट पहाटे लांबलचक आणि दुपारी आखूड दिसतो.

जे दिसत नाही ते उष्णता फेकत नाही, हाही गैरसमजच. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत, पण तापल्यावर अवरक्त किरण सोडतात. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन मात्र जवळजवळ सोडत नाहीत. काजळीचे कण तर निखाऱ्यासारखे तापून चमकतात; जाळाचा पिवळेपणा त्यांचाच. भूमच्या खवा भट्टीपुढे तोंड पोळतं ते या किरणांनी. गरम हवा केव्हाच वर गेलेली असते.

सरासरी तापमान कळलं की उष्णतेचा हिशेब झाला, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. पण जाळ सतत घुसळत असतो, आणि उत्सर्जन ढोबळमानाने तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. निम्मा जाळ ८०० आणि निम्मा १२०० केल्विनला असेल, तर सरासरी १००० येते. किरणं मात्र १००० च्या हिशेबापेक्षा सुमारे २४ टक्के जास्त पडतात. भट्टीची रचना करताना ही चूक महागात पडते.

धुराड्याबाहेर हीच घुसळण उलटं काम करते. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लोट झपाट्यानं थंड होतो. समजा, ५० मीटर लांब, ५ मीटर रुंद लोट सगळाच्या सगळा १२५ अंश सेल्सिअसवर आहे आणि काळ्या तव्यासारखा किरणं फेकतो आहे. तरीही एक किलोमीटरवरच्या शेतात चौरस मीटरला वॅटचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा पोचेल. भर दुपारचं ऊन तिथं सुमारे १००० वॅट ओततं.

खरी काळजी अंगणात पडणाऱ्या राखेची करा. पांढरा लोट विरल्यावरही मागे करडा किंवा काळा पट्टा उरत असेल, तर वेळ आणि तारखेसह फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या.