टोळीबरोबर आलेलं लेकरू आणि आपली शाळा



गव्हाणीत मोळी पडली, की आपलं सारं लक्ष तोडीच्या चिठ्ठीकडे आणि उताऱ्याकडे लागतं. पण टोळी फडात उतरते तेव्हा कोयत्यांबरोबर लेकरंही उतरतात. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतून कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास तोडीसाठी घर सोडतात. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नाही.

पोराचं वर्ष बुडतं ते सर्वांना दिसतं, त्याच्या मनाचे हाल दिसत नाहीत. आईबाप पहाटे फडात जातात आणि दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. आजी, सवंगडी, ओळखीचे गुरुजी सारे गावी राहिलेले. असं लेकरू नव्या वर्गात आलं की मागे भिंतीला टेकून गप्प बसतं, पोट दुखतं म्हणतं, नाहीतर उगाच मारामारी करतं. लोक त्याला मठ्ठ किंवा उनाड म्हणतात. वास्तविक ते बावरलेलं असतं.

कायदा त्याच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावंच लागतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १७ ने छडीला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सांगितले आहे. वस्तीवरच्या लहान शाळेत मात्र पहिला आधार गुरुजी-बाईंचाच.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढण्याचा निर्णय शासनाने २०२१ मध्ये घेतला. कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे, असेही ठरले. वसतिगृहात शाळा सुटत नाही हे खरं. पण आईबापावाचून पाच महिने काढणाऱ्या लेकराशी बोलायलाही कुणी हवंच.

आपल्या हातून होण्यासारखं बरंच आहे. आपल्या शिवारात टोळी आली, की मुलं किती आणि कोणत्या वर्गातली, हे मुख्याध्यापकांना कळवावं. नव्या पोराला गावातला एखादा जोडीदार बसवून द्यावा. पहिल्याच दिवशी वही तपासण्याऐवजी त्याच्या गावाविषयी विचारावं. लेकरू जेवेना, झोपेना, बोलेना, असं बरेच दिवस चाललं तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावावा. ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. आपल्या घरच्या दहावी-बारावीच्या पोरांनाही तो क्रमांक माहीत असू द्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत तोडीच्या कार्यक्रमाबरोबर हा विषयही घ्यावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.