आकाशातली प्रत्येक घार ‘घार’ नसते

शहराच्या गच्चीवर उभे राहून कुणी वर बोट दाखवत ‘तो बघ गरुड’ म्हणतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा ती घार असते. उलट माळरानावर किंवा घाटात खराखुरा गरुड डोक्यावरून गेला, तर तो ‘घारच असेल’ म्हणून दुर्लक्षिला जातो. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत आपली नजर या दोन शब्दांतच अडकलेली आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात थोड्या सरावाने ओळखता येतील असे आठ-दहा शिकारी पक्षी नेहमी दिसतात. ते ओळखण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. लागते ती एक सवय, आणि ती म्हणजे रंगाकडे शेवटी पाहण्याची.

रंग फसवतो. उन्हाच्या बाजूला उडणारा कोणताही पक्षी खालून काळाच दिसतो. शिवाय या पक्ष्यांची पिल्ले आणि प्रौढ, कधी नर आणि मादीही, वेगवेगळ्या रंगाची असतात. त्यामुळे पंखांची ठेवण, शेपटीचा आकार आणि उडण्याची लकब या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. त्यासाठी रोज फुकट उपलब्ध असलेला नमुना म्हणजे आपली घार. ती नीट पाठ झाली की बाकीचे पक्षी ‘घारीपेक्षा वेगळे काय’ या एका प्रश्नाने सुटू लागतात.

घारीचे पंख पसरल्यावर साधारण दीड मीटर भरतात. घिरट्या घालताना ते मनगटापाशी किंचित वाकलेले असतात. शेपटीच्या टोकाला मधोमध खाच असते आणि सुकाणू फिरवावे तशी ती शेपूट सतत डावी-उजवीकडे कलत राहते. ही कलणारी शेपूट बराच वेळ पाहत राहावी, इतकी पक्की खूण दुसरी नाही. मात्र वळताना शेपूट पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते आणि टोक सरळ दिसते. पिसे झडण्याच्या दिवसांतही तसेच होते. म्हणून एका क्षणाच्या दर्शनावर निकाल देऊ नये, दोन-तीन घिरट्या होऊ द्याव्यात.

कोकण किनाऱ्यावर आणि बंदरांत घारीबरोबर ब्राह्मणी घारही असते. डोके व छाती पांढरीशुभ्र, बाकी अंग विटकरी. असा पक्षी एकदा पाहिला की कुणी विसरत नाही. अडचण होते ती तिच्या तपकिरी पिल्लांची. ती थेट घारीसारखी दिसतात, पण शेपूट गोल असते, खाच नसते.

आता थोडे शहराबाहेर. शेताच्या कडेला विजेच्या तारेवर कावळ्याहून लहान, पांढरट-राखाडी, खांद्यावर काळा डाग आणि लालभडक डोळ्यांचा पक्षी बसलेला दिसला तर ती कापशी. ती हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते. शरीर हलत असते, पण डोके जणू खिळ्याने ठोकलेले. खालच्या गवतातल्या उंदराची जागा चुकू नये म्हणून डोके स्थिर ठेवावेच लागते. मग पंख उंच धरून ती टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि शेवटी झेप घेते. उंदीर हे तिचे मुख्य अन्न, त्यामुळे तिच्या इतका बिनपगारी राखणदार शेतकऱ्याला मिळणे कठीण. हवेत असाच थांबणारा दुसरा पक्षी म्हणजे खरुची. ती मुख्यतः हिवाळी पाहुणी. पाठ विटकरी, पंख टोकदार, शेपूट लांब. किल्ल्यांच्या तटावरून हिवाळ्यात ती अनेकदा डोळ्यांच्या पातळीवरच दिसते.

खरी परीक्षा घेतो तो शिक्रा. कबुतराएवढा हा पक्षी शहरातल्या बागांत, सोसायटीच्या झाडांत सर्रास राहतो, तरी बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. तो घारीसारखा आकाशात मिरवत नाही. पानांच्या आडोशाला दबा धरतो आणि सरडा, खार किंवा चिमणीवर अचानक तुटून पडतो. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपूट ही फांद्यांमधून वेगाने वळण्यासाठीची रचना. उडताना चार-पाच वेळा भराभर पंख मारणे, मग थोडे तरंगणे, पुन्हा पंख मारणे असा त्याचा ठेका असतो. प्रौढ शिक्र्याची पाठ राखी आणि छातीवर आडव्या तांबूस रेघा असतात. त्याला डोळ्यांआधी कानांनी शोधावे. बागेतल्या खारी आणि सातभाई एकदम कल्लोळ करू लागले, तर मांजर, साप किंवा शिक्रा यांपैकी कुणीतरी जवळ आहे. त्याची स्वतःची दोन सुरांची तीक्ष्ण हाक ऐकू आली तरी शंभर टक्के खात्री धरू नये, कारण कोतवाल ती हाक हुबेहूब काढतो.

त्याहून मोठी फसगत करतो पावशा. उन्हाळ्यात ‘पेर्ते व्हा’ म्हणत शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारा, तोच. रंग, छातीवरच्या रेघा, शेपटीचे पट्टे, उडण्याची पद्धत, एवढेच काय, फांदीवर उतरण्याची ढबही शिक्र्याची. हा योगायोग नाही. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, स्वतः घरटे बांधत नाही. शिकाऱ्यासारखे दिसणे अशा पक्ष्याच्या पथ्यावर पडते. त्याची युरोपातली भाऊबंद कोकिळा तिथल्या ससाण्यासारखी दिसते आणि छोटे पक्षी तिला घाबरून दाण्यांपासून दूर राहतात, हे इंग्लंडमध्ये प्रयोगांतून दिसले आहे. मात्र पावशाची चोच सरळसर असते, शिक्र्याची आकड्यासारखी. शिक्र्याचे लांब पिवळे पाय आणि नखे पाहिली की शंका उरत नाही. पावशाची खरी शिकार म्हणजे सुरवंट.

सह्याद्रीच्या जंगलात सकाळी लवकर आकाशाकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. मोठ्या पंखांचे पक्षी जमीन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागेपर्यंत थांबतात. साधारण नऊ-दहानंतर त्या झोतांवर स्वार होऊन ते पंख न हलवता उंच जातात. तेव्हा लांबलचक शिट्टी ऐकू आली आणि रुंद पंखांच्या मागच्या कडेला ठळक पांढरा पट्टा दिसला, तर तो सर्पगरुड. माळरानावर हिवाळ्यात गवताच्या अगदी वरून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे धरून हेलकावत जाणारे भोवत्या दिसतात. त्यांच्या जाती ओळखणे जाणकारांनाही जड जाते. नवख्याने ‘भोवत्या’ एवढे म्हटले तरी पुष्कळ. सरकारी दप्तरात अशा माळांना ‘पडीक’ म्हणतात, हा शब्द बदलायला हवा.

या ओळखपाळखीला छंदापलीकडचे महत्त्व आहे, ते गिधाडांनी दाखवून दिले. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली गेली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९६-९७ मध्ये पुन्हा मोजणी केली तेव्हा निम्मीही उरली नव्हती. आधीचे आकडे नोंदलेले होते म्हणूनच घसरण लक्षात आली. १९९२ ते २००७ या काळात या जातीची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण निघाले गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर लवकर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारताने गुरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी घातली. असेच घातक ठरलेले अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेनही २०२३ मध्ये बंद झाले. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे.

गिधाडे गेली, मृत जनावरे मात्र उघड्यावरच राहिली. ती खाऊन भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना करून अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. ज्या पक्ष्याकडे पाहून लोक तोंड फिरवत, तो सार्वजनिक आरोग्याचे काम करत होता.

घारींपुढे आजचे संकट आहे मांज्याचे. संक्रांतीच्या पतंगांचे दिवस आणि घारींची घरटी बांधण्याची वेळ एकच. मांज्यात अडकलेला पक्षी ओढून काढू नये. शक्य असेल तर दोरा दोन्ही बाजूंनी कापावा, पक्ष्यावर कापड टाकून त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी किंवा मांस भरवू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिकारी पक्षी घरात पाळणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

आणि उंच आकाशात कधी घारीपेक्षा बराच मोठा पक्षी दिसला, पंख फळीसारखे सरळ आणि रुंद, टोकाची पिसे बोटांसारखी फाकलेली, शेपूट आखूड, डोके खांद्यांत रुतल्यासारखे, तर तो कदाचित गिधाड असेल. रायगड जिल्ह्यात चिरगावसारख्या ठिकाणी गावकऱ्यांच्या मदतीने ती टिकवण्याचे प्रयत्न झाले आहेत. इतरत्र एखादे दिसले तरी ती मोठी बातमी आहे. जागा, तारीख, वेळ आणि संख्या लिहून ठेवावी. फोटो अस्पष्ट आला तरी चालेल, पंखांचा आणि शेपटीचा आकार त्यात बहुतेक वेळा दिसतो.