आधी विश्व मांडा, मग राज्य करा

कर्ज बुडते ते हप्ते थकल्यावर, असा सर्वसाधारण समज आहे. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, पुष्कळदा ते मंजुरीच्या दिवशीच बुडालेले असते; कळते तेवढे उशिरा. कादंबरीचेही तसेच. पहिल्या प्रकरणात किती माणसे आणली आणि त्यांना वावरायला किती जागा दिली, यावर शेवटच्या प्रकरणाचे नशीब ठरते. निवृत्तीनंतर नातवाच्या शेजारी बसून संगणकावरचा ‘स्टेलारिस’ हा अंतराळातला राज्यविस्ताराचा खेळ पाहू लागलो, आणि हाच जुना धडा नव्या वेषात समोर उभा राहिला.

या जातीच्या खेळांना ‘फोर एक्स’ म्हणतात. १९९३ साली ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाबद्दल लिहिताना अ‍ॅलन एमरिच यांनी हे नाव रूढ केले. शोधा, पसरा, साधने वापरा आणि शत्रूला संपवा, अशी ती चतुःसूत्री. पण या चारांच्याही आधी एक पायरी असते. ज्या विश्वात राज्य करायचे, ते विश्व खेळणाऱ्याने स्वतःच मांडायचे असते. २०१६ साली आलेल्या ‘स्टेलारिस’मध्ये तर त्यासाठी अख्खा एक पडदाच आहे. मुले तो घाईघाईने ओलांडतात.

पहिला प्रश्न आकाराचा. दोनशे ताऱ्यांपासून हजार ताऱ्यांपर्यंत दीर्घिका निवडता येते. “आजोबा, हजारचीच घ्यायची, त्यातच मजा!” असा नातवाचा हट्ट. आपल्या खऱ्या आकाशगंगेत किमान शंभर अब्ज तारे आहेत. त्यापुढे हजार म्हणजे चिमूटभरच. तरीही एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक राज्याचा महिन्याचा जमाखर्च मांडताना संगणकाची दमछाक होते आणि उत्तरार्धात खेळ रेंगाळतो. लहान दीर्घिकेत शेजारी लवकर भेटतो, भांडणही लवकर जुंपते. पण खेळ शेवटाला जातो. नवख्याने दोनशे-चारशेवर समाधान मानावे.

दुसरा प्रश्न घडणीचा. लंबगोल दीर्घिकेत शेजारी चहूबाजूंनी येतात. सर्पिल दीर्घिकेच्या भुजेत बहुधा मागचा आणि पुढचा, एवढ्यांकडेच लक्ष ठेवायचे. कड्याच्या आकाराची दीर्घिकाही घेता येते. ही निव्वळ कल्पना नव्हे. १९५० साली आर्थर होग यांना तशी एक दीर्घिका खरोखरीच आढळली होती. मग येतात ताऱ्यांना जोडणाऱ्या वाटा. त्या विरळ ठेवल्या तर खिंडी तयार होतात, आणि मोक्याची खिंड अडवून मोठ्या फौजेला थोपवता येते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. वाटा दाट ठेवल्या की शत्रू कुठूनही घरात शिरतो.

इथवर सारी युद्धनीती झाली. खरी गोम पुढच्या आकड्यांत आहे. राहण्याजोगे ग्रह किती ठेवायचे? कमी ठेवले तर एकेका ग्रहासाठी चढाओढ. किती राज्यांना आधीच पुढारलेले म्हणून जन्माला घालायचे? आणि असे बलाढ्य राज्य आपल्या शेजारी नको असेल, तर तशीही सोय आहे! अवघड पातळी निवडली म्हणून संगणक फारसा हुशार होत नाही. त्याच्या राज्यांना उत्पन्नात वाढीव भत्ता मिळतो, इतकेच. ज्यांना अजून अंतराळात झेप घेता आलेली नाही अशा मागास जमाती किती असाव्यात, हेही आपणच ठरवायचे. पुढे त्यांचे नुसते निरीक्षण करावे, त्यांना ज्ञान द्यावे की त्यांच्यावर सैन्य उतरवावे, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला.

म्हणजे विषमता किती असावी, ती कोणाच्या वाट्याला यावी आणि आपल्या दारापासून किती लांब असावी, हे एक बारा वर्षांचा मुलगा दोन मिनिटांत ठरवून मोकळा होतो. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायावरच्या आपल्या ग्रंथात सुचवले होते की, समाजाचे नियम ठरवताना आपण त्यात कोण म्हणून जन्मणार हे आपल्याला ठाऊक नाही, असे धरून चालावे. खेळात आपला तारा कोणता, हे एरवी आधी कळत नाही. पण खेळणारे आपण आहोत, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. तेवढ्याने तराजू झुकतो.

“सगळ्यांना सारखंच दिलं तर खेळात राम काय राहील?” नातवाने विचारले. प्रश्न खोटा नाही. पैजेशिवाय खेळ नाही आणि पेचाशिवाय कादंबरी नाही, हे मीही जाणतो. म्हणून मी त्याला उपदेश केला नाही, उलट प्रश्न केला, “या विश्वात तुला त्या मागासलेल्या ग्रहावर जन्म मिळाला असता, तर तू हेच आकडे ठेवले असतेस का?”

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग पुढारलेल्या राज्यांचा आकडा त्याने चारावरून एकावर आणला आणि म्हणाला, “एक तरी असू दे, आजोबा. पण माझ्या शेजारी असला तरी चालेल.”