माडांचे वार्धक्य आणि आपले कर्तव्य

माडाचे वार्धक्य त्याच्या शेंड्यावरून ओळखावे. भर तारुण्यातील माडाच्या डोक्यावर तीस-पस्तीस झावळ्या डोलत असतात. साठ-सत्तर वर्षे लोटली की नव्या झावळ्या आखूड येऊ लागतात, नारळांचे घोस विरळ होतात आणि खोड वरच्या अंगास निमुळते होत जाते. गोव्याच्या सासष्टी-बारदेशातील कित्येक भाटांतून आज हेच दृश्य दिसते, आणि ते पाहून आमचे मन विषण्ण होते.

आजोबांनी एकाच पावसाळ्यात ओळीने लावलेले माड म्हातारेही एकदमच होतात. एखादे झाड गेले तर घर ते सोसते. सारे भाटच ओसरू लागले म्हणजे घरधनी हवालदिल होतो.

आंब्या-फणसाची जखम नव्या सालीने भरून येते. माडाच्या नशिबी ते नाही. पाडेल्याला चढण्यासाठी पाडलेल्या खाचा खोडावर जन्मभर तशाच राहतात. शेंडाही एकच, तो गेला की झाड गेले. गेंड्या भुंगा कोवळा शेंडा कुरतडतो, त्याच जखमेतून सोंड्या भुंगा आत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या गाभा पोखरतात. तांबूस रस झिरपू लागेपर्यंत घरात कोणास त्याची वार्ताही नसते.

वाडवडिलांची आठवण म्हणून मेलेला माड तसाच ठेवण्याचा मोह आम्ही जाणतो. परंतु गेंड्या भुंग्याची पैदास कुजक्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यातच होते. मेलेल्यावरील ही माया जिवंत माडांच्या मुळावर येते.

यास्तव जुने माड फळ देत आहेत तोवरच त्यांच्या मधल्या जागेत रोपे लावावीत. उंच जातीच्या रोपास फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात. रोपांनी जोर धरला की जुने माड तीन-चार वर्षांत थोडे थोडे काढावेत. गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माड २०१६ साली वगळला गेला होता. २०१७ साली त्यास ते संरक्षण पुन्हा मिळाले. म्हणून तोडण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी.

झावळ्यांच्या रविवारी आपण हाती धरतो ती कोवळी पाती कोणा पूर्वजाने लावलेल्या माडाची असते. भाऊ मुंबईस, मुलगा परदेशी, वाटणी व्हावयाची आहे, अशा सबबींवर माड थांबत नाही. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घराने निदान दोन रोपे लावावीत, एवढीच आमची विनंती आहे.